कोरी जागा

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांनी साष्टांगाला केव्हाच नकार दिला आहे, तेव्हा तो खुर्चीत बसून घातला असं समज आणि गोड मानून घे. वहिनीला नमस्कार. मांजरीला काही नाही. मागच्या खेपेला तिने माझा लोकरी मोजा पळवला, तो अजून परत केलेला नाही.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'दुकान ठीक. डोळे ठीक. तुझं ते गाऊन गाऊन भांडायचं नाटक कुठवर आलं?' संपलं पत्र. जन्मभर लोकांचे चष्मे बनवलेस, आणि स्वतः लिहायला बसलास की डोळे तपासायच्या तक्त्यावर असतात तेवढीच अक्षरं लिहितोस. त्याला ऑपेरा म्हणतात, दादा. माझे केस त्यात पांढरे झाले तरी तू त्याचं नाव घेत नाहीस. नावडत्या जावयाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतोस.

शेजाऱ्यांना तू माझं काम कसं समजावतोस तेही वहिनीने मला सांगितलं आहे. 'ती गायकांना कुठे उभं राहायचं ते सांगते.' अगदी बरोबर. फक्त मी त्यांना नको तिथे उभं करते, एवढाच काय तो फरक.

माझा पहिला ऑपेरा तुला आठवतच असेल, आपल्याच गावच्या छोट्या सभागृहातला. राणी मरते, आणि मरताना चांगलं दहा-पंधरा मिनिटं गाते. सगळे तिला पलंगावर आडवी करतात. मी तिला वाळलेले कपडे घड्या घालायला लावले. माणूस मरायला टेकला म्हणून घरातली कामं थांबतात का? लोकांनी हुर्यो उडवली. तिसऱ्या रांगेतून तू उठलास आणि शेजारच्या ओरडणाऱ्या गृहस्थांना म्हणालास, 'तुमचा नंबर वाढलाय, उद्या दुकानात या.' ते खरंच आले, आणि नंबर खरंच वाढला होता. पुढे ते माझ्या प्रत्येक प्रयोगाला येत राहिले.

त्यानंतर मी रिकाम्या पोहण्याच्या तलावात ऑपेरा केला, प्रेक्षक काठावर आणि गायक तळाशी. एकदा समूहगायकांना साध्या कपड्यांत तिकिटं काढून प्रेक्षकांत बसवलं. शेजारी बसून गोळ्या चघळणारी बाई एकाएकी उभी राहून गायला लागली म्हणून एका आजोबांनी दारावरच्या माणसाला हाक मारली. वेडी म्हणणारे पुढे 'वेगळी' म्हणायला लागले, आणि आता सगळे मला 'बाई' म्हणतात. माझ्या कामातली बढती ती एवढीच.

माझी एक खोड मात्र सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक ऑपेरात मी एक जागा कोरी ठेवते. बाकी सगळं घोटून घोटून पक्कं करायचं, पण एका ठिकाणाची तालीम करायचीच नाही. तलावातल्या ऑपेरात नायक कोणत्या दाराने येणार ते नायिकेला कधीच ठाऊक नसायचं. ती रोज खरीखुरी दचकायची. व्यवस्थापक म्हणतात, 'बाई, ही कोरी जागा एक दिवस तुम्हाला खड्ड्यात घालणार.' मी म्हणते, घालू दे, तलावात तर आपण उतरलोच होतो.

या वर्षी त्यांनी मला जुना ऑपेरा उलटापालटा करायला दिला नाही, नवाच मागितला. संगीतकार बाई आणि मी मिळून तो रचला. गोष्ट साधी आहे. दोघं भावंडं. भाऊ मोठा, बहीण लहान. जास्त खोलात शिरू नकोस, भावंडं काय कुणाचीही असतात. तिसऱ्या अंकात दोघं म्हातारी झाली आहेत. बहिणीला उद्या जन्मात पहिल्यांदा विमानात बसायचं आहे आणि भीतीने तिला झोप येत नाही. ती भावाला म्हणते, लहानपणी म्हणायचास ते गाणं म्हण. तो म्हणतो. ती झोपते. पडदा.

घोडं अडलं आहे ते इथेच. भावाचं काम करणारे आमचे गायक, त्यांना आम्ही 'बुलंद' म्हणतो, फार मोठा माणूस. ते गातात तेव्हा भिंतीवरचं घड्याळ हलतं. त्यांना म्हटलं, थकलेल्या माणसासारखं गा. ते थकलेल्या सम्राटासारखं गायले. म्हटलं, स्वयंपाकघरात गाता तसं गा. म्हणाले, 'मी स्वयंपाकघरात असाच गातो.' त्यांच्या बायकोला विचारलं. खरं आहे. शेजाऱ्यांनी घर बदललं.

बिचारे स्वतः रडकुंडीला आले आहेत. काल म्हणाले, 'बाई, मला शिकवलेलं विसरता येत नाही. दुसरं कुणीतरी शोधा, मी आनंदाने पलंगामागे लपतो.' चाल मी गुणगुणून दिली होती. ती उतरवून घेताना संगीतकार बाईंनी दोनदा भुवया उंचावल्या आणि विचारलं, 'हे इथे असंच आहे?' म्हटलं, असंच आहे. वाद्यांचा सगळा भाग त्यांनी त्या चालीला बिलगवून लिहिला आहे. आता चाल आहे, वाद्यं आहेत, फक्त गाणारा नाही. महिनाअखेरपर्यंत तो मिळाला नाही तर हा प्रवेश कापायचा असं व्यवस्थापकांनी ठरवलं आहे. तो कापला तर माझ्या ऑपेरात काय उरतं ते त्यांना कळत नाही. मला कळतं, म्हणून मी हल्ली जेवताना घास हातात धरून बसते.

मे महिन्याच्या सुरुवातीला तू आणि वहिनी मोकळे आहात ना? सहज विचारते आहे.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार आणि वहिनीला दोन. एक नेहमीचा, आणि एक तिने परवा फोनवर माझा कान उपटला त्याबद्दल. तुझं कार्ड आलं होतंच, 'मोकळे आहोत. काय हवं ते लिही.' मी दोन वेळा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा हवामानाबद्दल लिहून उठले. मग वहिनीने फोन केला. म्हणाली, 'ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवशील? त्याला गायला बोलवायचंय ना तुला?' मी हवामानाचं काढलं. ती म्हणाली, 'त्याने ओळखलंय. पत्र खणात ठेवलंय आणि दिवसातून दोनदा खण उघडतोय.'

तर दादा, हे भांडं. तिसऱ्या अंकातलं गाणं तू म्हणावंस असं मला वाटतं.

ते गाणं तुझंच आहे. ऑपेरातला भाऊ चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत राहतो, आणखी काय सांगू? आई गेली तेव्हा मी पाळण्यात आणि तू नुकता मिसरूड फुटलेला. बाबा दिवसभर दुकानात आणि संध्याकाळी गप्प. मला पाजणं, धुणं, निजवणं सगळं तुझ्या गळ्यात पडलं. निजवताना तू म्हणायचास ते गाणं. चाल एकच, शब्द रोज नवे, दिवसभरात दुकानात जे आलं असेल ते. मास्तरांना जवळचं दिसेना, टोपीवाल्याला लांबचं दिसेना, पोस्टमनच्या काचेला तडा गेला. बाकीच्या मुलांना अंगाईत चांदोबा भेटला, मला गिऱ्हाइकं भेटली. म्हणूनच बहुधा मी राणीला कपडे घड्या घालायला लावते.

आता ती दुसरी गोष्ट. तू तिचा विषय कधी काढत नाहीस, म्हणून मीही काढला नव्हता. मी सात वर्षांची असताना तू मला गाणं शिकायला घेऊन गेलास. बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहत होतास आणि पाहता पाहता गुणगुणत होतास. मास्तरीणबाईंनी दार उघडलं आणि तुला जे म्हणायचं ते म्हणाल्या. तू टोपी घालून रस्त्यावर जाऊन उभा राहिलास. त्या रात्रीपासून तू मला गोष्ट सांगायला लागलास. गोष्टी छान होत्या. पण गाणं गेलं ते गेलंच. तू पुन्हा कुणासमोर तोंडातून सूर काढला नाहीस. वहिनी म्हणते, तिने लग्न झाल्यापासून तुला शीळ घालतानाही ऐकलेलं नाही.

बाईंनी मला पुढे पुष्कळ शिकवलं, त्यांचं ऋण आहे. पण त्या दिवशीचं मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

तालमीची भीती वाटत असेल तर ऐक. तुझा प्रवेश ही या ऑपेरातली कोरी जागा. तू सरळ पहिल्या प्रयोगाच्या दिवशी यायचं. तालमीत पलंगाऐवजी जमिनीवर नुसती पिवळी पट्टी चिकटवली आहे, तिच्या जागी तेव्हा खराखुरा पलंग असेल. बुलंद दाराने बाहेर जातील, तू आत येशील, पलंगाच्या कडेवर बसशील आणि म्हणशील. पहिले दोन अंक त्यांचे, हा तुझा. एकच माणूस दोघांनी करायचा ही कल्पना ऐकून व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला, पण बुलंद इतके खूश झाले की त्यांनी मला हलवायाकडून मिठाईचा डबा आणून दिला. वाद्यं तुझ्याबरोबर चालतील. काठीवाले म्हणजे आमचे वाद्यवृंद चालवणारे. त्यांच्या हातात काठी असते म्हणून मी त्यांना तसं म्हणते, पण स्वभावाने ते लोण्यासारखे आहेत. तू थांबलास तर ते थांबतील.

कसं गायचं असं विचारशील. तू गायचास तसं. नीट गायची काही गरज नाही, म्हणजे साधंच, म्हणजे तुला येतं तसं. या ठिकाणी खरं तर एक शब्द लिहायला हवा. तो मला लिहवत नाही. इतकी वर्षं मोठमोठ्या गायकांना तोंडावर वाटेल ते बोलले, पण तुझ्यापुढे लेखणी अडते. असो. तुला कळलंच असेल.

नाही म्हणालास तर मी प्रवेश कापीन आणि तुझ्यावर रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण दाखवणार नाही.

पोस्टमनची वाट पाहणारी,
तुझी धाकटी


३ मे, सकाळ

प्रिय दादा,

घरी पोचलास ना? पहाटेच्या गाडीने पळालास. काचांची पेटी आज येणार होती म्हणे. ज्या माणसासाठी काल आख्खं नाट्यगृह उभं राहिलं तो सकाळी काचा मोजायला गेला, हे मी इथे कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

काल बोलणं झालंच नाही. प्रयोगानंतर रंगमंचामागच्या बोळात माणसांची अशी रेटारेटी की मी तुझा कोट धरून उभी होते आणि तोही शेवटी कुणीतरी ओढून नेला. तू मला एकच विचारलंस, 'हवं होतं तसं झालं ना?' मी 'हो' म्हणाले. ते 'हो' पुरेसं नव्हतं, आणि संपूर्ण खरंही नव्हतं, म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते सांगते, कारण तुला त्यातलं काहीच दिसलं नाही. वेशभूषेच्या बाईंनी तुला नाटकातला चष्मा दिला. तुझ्या चष्म्याच्या काचांवर दिवे चमकत होते म्हणून. तू तो बोटाने तपासलास, बोट आरपार गेलं. 'काच नसलेला चष्मा मी घालणार नाही, धंद्याला बट्टा लागेल.' मग तू दोन्ही चष्मे त्यांच्या हातात ठेवलेस आणि तसाच आंधळ्यासारखा रंगमंचावर गेलास. पलंगाची कड सोडून खुर्चीवर बसलास. खुर्चीवर बहिणीचे कपडे ठेवलेले होते, त्यांच्यावर बसलास. इथपर्यंत सगळं उत्तम होतं. मी विंगेत उभी राहून मनात म्हणत होते, आता गा, आता तो तुझा सूर लाव.

आणि तू सुरात गायलास.

मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालं. तो गाण्याचा दुसरा चढ, जिथे तू नेहमी वर जाता जाता खाली घसरायचास, तिथे तू सरळ वर गेलास आणि तिथे नीट उभा राहिलास. वाद्यं मात्र घसरली. त्यांच्यासाठी तसंच लिहिलं होतं ना, तुझ्याबरोबर घसरायचं म्हणून. म्हणजे एवढी मोठी शिकलेली मंडळी बेसूर, आणि आमचा चष्मेवाला एकटा सुरात. काठीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. व्यवस्थापक माझ्या शेजारी उभे होते, ते नुसतं म्हणाले, 'खड्डा.'

काठीवाल्यांनी डाव्या हाताने एकेकाला गप्प केलं. आधी मोठी पितळी वाद्यं, मग बासऱ्या, मग तारवाद्यं. शेवटी तू एकटा उरलास. तुला काही पत्ता नाही, तू डोळे बारीक करून गातो आहेस. मास्तरांना जवळचं दिसेना, टोपीवाल्याला लांबचं दिसेना. लोक हळूच हसले. मग तू नवं कडवं घातलंस, धाकटीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय पण ती कुणाला सांगत नाही. दादा, हे घरचं गुपित तू हजार माणसांत फोडलंस, त्याचा हिशेब नंतर होईल.

वाद्यं बंद झाल्याचं तुझ्या तेव्हा लक्षात आलं. तू गाणं थांबवलंस, अंधाराकडे बघून कपाळाला आठ्या घातल्यास आणि मोठ्याने विचारलंस, 'थांबू का गं?'

ते तू मला विचारलंस, हे मला माहीत आहे. पण मी तोंड उघडायच्या आत उत्तर पलंगावरून आलं. पलंगावर जी बहीण होती ती आमची सगळ्यांत शिस्तीची गायिका, तालमीत अर्धी मात्रा इकडची तिकडे होऊ देत नाही. ऑपेरात साधं बोलायचं नसतं, सगळं गायचं असतं. ती उशीवरून डोकं न उचलता अगदी साधं बोलली, 'थांबू नकोस रे. परत म्हण.'

तू परत म्हटलंस. या वेळी सगळ्यांत मोठं तारवाद्य वाजवणाऱ्या माणसाने एकच खालचा सूर धरला, काठीवाल्यांनी न सांगता. मग दुसऱ्याने. त्यांनी चाल तुझ्याकडून ऐकून घेतली होती. तिसऱ्या खेपेला सगळे तुझ्या पाठीशी होते, आणि संगीतकार बाई माझा दंड इतक्या जोरात धरून उभ्या होत्या की आज तिथे निळं झालं आहे. पुढे टाळ्या किती झाल्या ते तू ऐकलंस. व्यवस्थापक डोळे पुसत सगळ्यांना सांगत होते, 'हा प्रवेश ठेवायचाच असं मी पहिल्यापासून म्हणत होतो.' बुलंद दारामागून बाहेर आले आणि लहान मुलासारखे नाचले.

मग बोळात वहिनीने मला एका बाजूला ओढलं. म्हणाली, माझं पत्र आल्यापासून तू रोज दुपारी दुकान बंद करून वरच्या मजल्यावरच्या सनईवाल्या शेजाऱ्याकडे जात होतास. तो एकेक सूर वाजवायचा आणि तू सांगायचास, 'हा नाही, याच्या वरचा. हां, हा.' मग तो सूर गळ्यातून निघेपर्यंत तू उठायचा नाहीस. शेजाऱ्याची बायको दुपारची झोप घ्यायला बहिणीकडे जायला लागली. वहिनी म्हणाली, 'त्याच्या कानात ते कायम बरोबरच होतं गं. गळ्यात उतरत नव्हतं. म्हणायचा, धाकटीची लाज जाता कामा नये.'

आता तो शब्द लिहिते. दादा, मला तू बेसूर हवा होतास. त्याचसाठी मी तुला बोलावलं. बुलंद हरले ते त्यांना बेसूर गाता येईना म्हणून. चाल मी संगीतकार बाईंना तुझ्या सगळ्या घसरणींसकट दिली होती. तेवढं एक तुला सांगायचं धाडस झालं नाही, कारण मास्तरीणबाईंच्या तोंडचा शब्द मला माझ्या हाताने लिहायचा नव्हता. मी लिहिलं नाही, आणि तू जे लिहिलं नव्हतं तेच वाचलंस. महिनाभर घसा कोरडा केलास, मला नको असलेली गोष्ट मला देण्यासाठी. हे वाचून तुला वाईट वाटेल का, याचा विचार करत मी सकाळपासून तीन वेळा लेखणी खाली ठेवली. पण तुझ्याशी अर्धं खरं बोलून मला राहवत नाही.

आणि आता उरलेलं अर्धं. तुझा कोट ओढून नेत होते तेव्हा तू मागे वळून म्हणालास, 'आईचं गाणं आहे ते. एकदा तरी नीट व्हायला हवं होतं.' आणि गर्दीत दिसेनासा झालास. जणू छत्री विसरलीस असं सांगावं, इतक्या सहज म्हणालास. ते आईचं आहे हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं, तू केलेलं आहे. म्हणजे काल नाट्यगृह भरून लोक एक म्हातारा माणूस ऐकत होते आणि मी विंगेत उभी राहून आईला ऐकत होते, आणि ते माझं मलाच कळलं नव्हतं. तिचा चेहरा मला आठवत नाही. आवाज आठवायचा तर प्रश्नच नाही. आज सकाळी उठल्यावर मी ती चाल म्हणून पाहिली, वर चढणारी, नीट. खिडकीत उभी राहून मोठ्याने म्हटली. खाली सायकलवाल्याने वर पाहिलं. मला इतका आनंद झाला आहे, दादा, की तो कुठे ठेवू ते कळत नाही.

तेव्हा आता माझं म्हणणं ऐक. शनिवारी पुढचा प्रयोग आहे. काचा मोजून झाल्या की वहिनीला घेऊन ये. वाद्यांचा भाग संगीतकार बाई आजच नवा लिहायला बसल्या आहेत, तुझ्या सुराचा. रंगमंचावर तू आईचं गाणं म्हण, जसं काल म्हटलंस तसं. लोकांना तेच ऐकव. त्याची लाज माझ्या सात पिढ्यांना वाटणार नाही.

पण प्रयोग संपला की माझ्या घरी यायचं. जेवायचं, आणि मग मी पांघरूण घेऊन पडेन, आणि तू मला माझं गाणं म्हणायचं. ते घसरणारं. आईचं गाणं आईचं आहे, पण मी ज्याच्यावर झोपले, वाढले, शहाणी झाले, ते तुझं. त्यातला एकही सूर दुरुस्त केलास तर मला झोप येणार नाही. सातव्या वर्षी अर्धवट राहिलेली झोप आहे, ती पुरी करायची आहे.

तुझ्या बेसूर गाण्यासाठी जागी राहिलेली,
तुझी धाकटी